पार्ल्याशेजारचा परदेश

पार्ल्याहून सर्वांत जवळचा परदेश कोणता, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? कुणी श्रीलंका म्हणेल, कुणी मालदीव. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे एखादा चावट मुलगा ‘दुबई, तीन तासांत’ असंही सांगून टाकेल. सगळी उत्तरं चूक! सर्वांत जवळचा परदेश आहे अंधेरी पूर्वेला. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. गळ्यात ओळखपत्र मात्र लागतं.

थट्टा नाही, बरं का. या जागेचं नाव सीप्झ. ‘सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन’ या लांबलचक नावातली आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. नावात सांताक्रूझ, पण वसाहत अंधेरीच्या एमआयडीसीला लागून. १९७३ साली ती सुरू झाली तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार करायच्या आणि त्या परदेशी पाठवायच्या, एवढाच हेतू होता. पुढे १९८०च्या दशकात तिथे दागिन्यांचे कारखाने आले. नावात दागिना कुठेच नाही, तरी आता सीप्झ म्हटलं की लोकांना आधी हिरे आणि सोनंच आठवतं.

आणि परदेश कसा, तर कायद्याने. विशेष आर्थिक क्षेत्रांचा जो कायदा २००५ साली झाला, त्यानुसार अशा क्षेत्राची हद्द सीमाशुल्काच्या हिशेबात भारताबाहेरची धरतात. जमीन आपली, पोलीस आपले, चिखलही आपलाच. पण आत तयार झालेली अंगठी झवेरी बाजारात विकायला आणायची म्हटली, तर ती जणू सिंगापूरहून आली असावी तसं आयात शुल्क भरावं लागतं. फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासली जातात. रस्त्याच्या या बाजूला वडापावची गाडी आणि त्या बाजूला, हिशेबापुरता, परदेश.

आमच्या इमारतीतल्या एक काकू गेली बावीस वर्षं या परदेशात रोज नोकरीला जातात. पूर्वी लोकलने अंधेरी गाठायची, मग बसची रांग, मग पावसाळ्यात अर्धा तास उशीर. ऑक्टोबर २०२४मध्ये भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून त्या विमानतळाच्या टर्मिनल १च्या स्टेशनावर गाडीत बसतात आणि थेट सीप्झला उतरतात. त्यांचं काम आहे अंगठ्यांत हिरे बसवायचं. भिंगाखाली, तासन् तास.

एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना खालच्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने त्यांना विचारलं, “काकू, तुम्ही केलेल्या एवढ्या अंगठ्या घालतं तरी कोण?”

“अमेरिका,” काकू म्हणाल्या.

“पण मग बातम्यांत आशियातल्या देशांचा व्यापार करार असं काहीतरी सांगतात, त्यात अमेरिकेचं नाव का येतं? ती कुठे आशियात आहे?”

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “हे लिहितात ना पेपरात. यांना विचार.”

मी तेव्हा ‘सांगतो नंतर’ म्हणून सुटका करून घेतली. हा लेख म्हणजे ते ‘नंतर’.

मेणाचं झाड

आधी अंगठी कशी होते ते बघू, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे.

अंगठीचं चित्र हल्ली संगणकावर काढतात. त्यावरून एक नमुना, नमुन्यावरून रबराचा साचा, आणि साच्यातून मेणाच्या शेकडो अंगठ्या. या मेणाच्या अंगठ्या एका मेणाच्याच दांडीला फांद्यांसारख्या चिकटवतात. कारागीर त्याला झाडच म्हणतात. ते झाड एका नळकांड्यात ठेवून भोवती प्लास्टरसारखं पातळ मिश्रण ओततात. ते घट्ट झालं की भट्टीत घालतात. मेण वितळून जातं आणि आत झाडाच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेलं सोनं! मग पाण्यात बुडवून प्लास्टर फोडलं की सोन्याचं झाड हातात येतं. एकेक अंगठी कापून घ्यायची, कानस मारायची, हिरे बसवायचे, पॉलिश करायचं.

कानशीचा भुगा वाया जात नाही, हं. टेबलाखालचा केर, हात धुतलेलं पाणी, ॲप्रनची धूळ, सगळं गोळा करून त्यातून सोनं परत काढतात. “आमच्याकडे केरसुद्धा कुणी फेकत नाही,” असं काकू अभिमानाने सांगतात. माल आत येताना वजन, बाहेर जाताना वजन, आणि मधली घट किती याचा रोजचा हिशेब.

आता एक कोडं. ही अंगठी कुठल्या देशाची? सोनं बाहेरून आलेलं, कारण आपल्याकडच्या खाणींतून ते जवळजवळ निघतच नाही. हिरा आफ्रिकेतल्या, रशियातल्या किंवा कॅनडातल्या खाणीतला. त्याला पैलू पाडले सुरतेत. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ भारतातच पैलू पाडून जातात, असं या धंद्यातले लोक सांगतात. साचा अंधेरीत, बसवणाऱ्या काकू पार्ल्याच्या, आणि बोट अमेरिकेतलं. व्यापार करारांमध्ये या कोड्याचं उत्तर लिहून ठेवावं लागतं, कारण सवलत कुणाच्या मालाला द्यायची हे त्यावर ठरतं. त्याला उगमाचे नियम म्हणतात. हे नाव लक्षात असू द्या; पुढे लागणार आहे.

गणपती आणि नाताळ

काकूंच्या कामाचं वर्ष आपल्या कालनिर्णयाप्रमाणे चालत नाही. ते अमेरिकेच्या सणांप्रमाणे चालतं. तिकडे दागिन्यांची सर्वांत मोठी खरेदी नाताळात. त्याची तयारी इकडे पावसाळ्यातच सुरू होते. म्हणजे नेमका गणपतीच्या दिवसांत ओव्हरटाइमचा जोर, आणि कोकणात जाणाऱ्यांची रजेसाठी धावपळ. मग फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेचा माल, मग मे महिन्यातल्या मदर्स डेचा. “मला मुलांनी मदर्स डेला काही दिलं नाही कधी,” काकू हसत म्हणतात, “पण परक्या आयांसाठी मी हजारो हिरे बसवलेत.”

भारताच्या रत्न आणि दागिन्यांच्या निर्यातीत एकट्या अमेरिकेचा वाटा २०२४-२५मध्ये जवळजवळ एक तृतीयांश होता. सीप्झमधून जाणाऱ्या दागिन्यांत तर त्याहून बराच मोठा.

आणि म्हणून २७ ऑगस्ट २०२५ हा दिवस त्या आवारातले लोक विसरणार नाहीत. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. त्याच दिवशी, वॉशिंग्टनच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं तेव्हा, भारतातून येणाऱ्या बऱ्याचशा मालावर अमेरिकेचं जादा शुल्क ५० टक्के झालं. २५ टक्के ७ ऑगस्टला लागलंच होतं. त्यावर रशियाचं तेल घेतो म्हणून आणखी २५. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. पार्ल्यात घरोघर प्राणप्रतिष्ठा चालली होती.

५० टक्के म्हणजे काय ते मांडून बघा. वही घ्या. अंगठीची किंमत १०,००० रुपये धरू. सोन्याच्या दागिन्यांवर अमेरिकेचं नेहमीचं शुल्क ५-६ टक्क्यांच्या घरात असतं. साडेपाच धरले तर ५५० रुपये. त्यावर जादा ५० टक्के, म्हणजे ५,००० रुपये. अमेरिकन दुकानदाराला ती पडते १५,५५० रुपयांना. आता तशीच, तेवढ्याच किमतीची अंगठी थायलंडहून आली तर? थायलंडवर त्या महिन्यात जादा शुल्क होतं १९ टक्के. ५५० अधिक १,९००, म्हणजे १२,४५० रुपये. ३,१०० रुपयांचा फरक! तुम्ही दुकानदार असता तर कुणाकडून घेतली असती?

इथे एक चूक पुष्कळ मोठी माणसंही करतात. हे शुल्क भारत सरकार भरत नाही आणि काकूंचा कारखानाही भरत नाही. माल उतरवून घेणारा अमेरिकन व्यापारी ते आपल्याच सरकारला भरतो. पण मग तो इकडे फोन करून म्हणतो, किंमत कमी करा, नाहीतर राहू द्या. त्या वर्षी अशा फोनांनंतर काकूंचा ओव्हरटाइम थांबला. ओव्हरटाइमच्या पैशांतून त्यांच्या धाकट्या मुलाच्या क्लासची फी जायची.

त्यानंतर बोलण्यांच्या फेऱ्या झाल्या आणि आकडे हलत राहिले. म्हणून आजचा आकडा मी इथे छापत नाही. ताज्या वर्तमानपत्रात तुम्हीच शोधा. शोधण्यासारखा आहे.

दहिसरचा नाका

तुमच्या आई-बाबांना दहिसरच्या किंवा मुलुंडच्या जकात नाक्याची आठवण विचारा. मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची. दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी, सगळीकडे ट्रकांच्या रांगा लागायच्या. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत बसलेले, आणि ट्रकमध्ये टोमॅटो नाहीतर टीव्ही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ही जकात संपली. नाशिकचा कारखानदार आणि मुंबईचा दुकानदार यांच्यामधला एक नाका उठला.

देशादेशांमध्येही असेच नाके असतात. शेजारचे काही देश एकत्र बसतात आणि ठरवतात की आपसातले नाके उठवू, निदान जकात कमी करू. ट्रक लवकर पोचला की माल स्वस्त होतो. एका देशाने पडदा करायचा, दुसऱ्याने बॅटरी, तिसऱ्याने जोडणी, असंही जमतं. तुमच्या घरातला फोन असाच चार-पाच देश हिंडून आलेला असतो. मोठी माणसं याला प्रादेशिक आर्थिक एकात्मता म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट दहिसरच्या नाक्याएवढी सोपी आहे.

सोपी, पण गोड नेहमीच नाही. नाका उठला की पलीकडचा स्वस्त माल आपल्या दारात येतो, आणि आपल्याकडे तोच माल करणारा धास्तावतो. नाक्यावरचे दोन्ही बाजूंचे लोक खरं बोलत असतात. या विषयावरची भांडणं म्हणूनच संपत नाहीत.

पार्ल्याच्या लोकांना हे बिस्किटावरून समजावं. १९२९ साली सुरू झालेला पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६मध्ये बंद झाला. त्याआधी स्टेशनात गाडी शिरली की बिस्किटांचा गोड वास यायचा. डोळे मिटूनही कळायचं की पार्ले आलं. आजही बिस्किटाचा पुडा उलटा करून घटक वाचा. गहू आणि साखरेच्या शेजारी बहुतेक वेळा पाम तेल लिहिलेलं सापडेल. ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियाहून येतं. हे दोन्ही देश आग्नेय आशियातल्या देशांच्या ‘आसियान’ संघटनेत आहेत, आणि आसियानशी भारताचा मालाच्या व्यापाराचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. आपल्या चहातल्या बिस्किटात आशिया आधीच विरघळलेला आहे. (अमेरिकाही पार्ल्याला नवी नाही. थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट ही पार्ल्याची पेयं १९९३ साली कोका-कोलाने विकत घेतली, हे तुमच्या बाबांना नक्की ठाऊक असेल.)

आत की बाहेर?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिका आशियात नाही, मग तिचं नाव प्रत्येक बैठकीत का?

साधं उत्तर असं की ती आशियाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक आहे. जपान, कोरिया, तैवान, मग चीन, मग व्हिएतनाम. हे सारे अमेरिकेला माल विकून वर आले. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांचा माल एकच शेठ घेत असेल, तर बिऱ्हाडांच्या बैठकीत शेठ काय म्हणेल याचा विचार होणारच. तो खोलीत नसला तरी.

१९८९च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा शहरात बारा देशांचे मंत्री जमले आणि ‘ॲपेक’ नावाचं मंडळ निघालं. प्रशांत महासागराच्या दोन्ही काठांवरचे देश त्यात घ्यायचे, अशी युक्ती. त्यामुळे अमेरिकेला आशियाच्या बैठकीत हक्काची खुर्ची मिळाली. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी सर्व नेत्यांना सिॲटलजवळच्या ब्लेक बेटावर बोलावलं आणि प्रत्येकाला चामड्याचं जाकीट भेट दिलं. पुढच्या वर्षी इंडोनेशियात सगळे बाटिकचे शर्ट घालून उभे राहिले. यजमानाच्या देशाचे कपडे घालून फोटो काढायची ती प्रथाच पडली. ॲपेकमध्ये आता २१ सभासद आहेत. भारत त्यात नाही. आपण अर्ज केला होता, पण १९९७ साली त्यांनी नवे सभासद घेणं थांबवायचं ठरवलं, आणि १९९८मध्ये पेरू, रशिया आणि व्हिएतनाम आत आल्यावर दार लागलं ते लागलंच.

शेठला न बोलावता बैठक भरवण्याचा प्रयत्नही झाला. १९९०च्या डिसेंबरात मलेशियाचे पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी सुचवलं की फक्त पूर्व आशियातल्या देशांचा एक आर्थिक गट काढू. अमेरिका त्यात नाही, ऑस्ट्रेलिया नाही. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी जोरात विरोध केला, जपान गप्प बसला आणि बेत फसला. पण गंमत बघा. सात वर्षांनी, १९९७च्या डिसेंबरात, आसियानचे देश आणि चीन, जपान, कोरिया क्वालालंपूरला एकत्र बसलेच. मधल्या काळात आशियाई चलनांचं मोठं संकट आलं होतं आणि आपलं आपणच बघायला हवं, असं सगळ्यांना वाटू लागलं होतं.

पुढची गोष्ट याहून चमत्कारिक. २००८मध्ये अमेरिकेने चार छोट्या देशांच्या एका कराराच्या बोलण्यांत शिरायचं ठरवलं. सिंगापूर, ब्रुनेई, न्यूझीलंड आणि चिली हे ते देश. अमेरिका आली म्हणून इतर आले. बारा देश झाले. करार टीपीपी या नावाने गाजला, आणि ४ फेब्रुवारी २०१६ रोजी ऑकलंडला सह्या झाल्या. चीन त्यात नव्हता. व्यापाराचे नियम चीनने लिहिण्याआधी आपण लिहावेत, असं अमेरिकेच्या सरकारला वाटत होतं आणि ते तसं उघड बोलतही होते. मग २३ जानेवारी २०१७ रोजी, खुर्चीवर बसून चौथा दिवस होत नाही तोच, अध्यक्ष ट्रम्प यांनी सही करून अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं.

एकट्या ट्रम्प यांच्यावर हे ढकलणं मला पटत नाही. त्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन यांनीही आपण या कराराच्या विरोधात आहोत असं सांगितलं होतं. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावी मतं मागायची होती ना! तिथल्या आयांनाही क्लासच्या फीची काळजी होतीच.

उरलेले अकरा देश काय करतील? घरी जातील, असं वाटलं होतं. त्यांनी जपानच्या पुढाकाराने करारातली अमेरिकेने घालायला लावलेली काही कलमं बाजूला ठेवली आणि ८ मार्च २०१८ रोजी चिलीमध्ये तो पुन्हा सही करून घेतला. शेठ उठून गेला, पण भिशी चालू राहिली.

२०२२च्या मे महिन्यात अध्यक्ष बायडेन टोकियोला आले आणि त्यांनी आणखी एक मांडणी पुढे केली, आयपीईएफ नावाची. चौदा देश, भारतही त्यात. पण तिच्यात जकात कमी करण्याचं नावच नव्हतं. माल कुठे अडकला तर एकमेकांना कळवायचं, स्वच्छ ऊर्जेसाठी मदत करायची, लाचलुचपत रोखायची, अशा गोष्टी होत्या. व्यापाराच्या नियमांचा जो भाग होता, त्यातून भारत सप्टेंबर २०२२मध्ये बाजूला राहिला. चांगल्या गोष्टी होत्या, नाही असं नाही. पण नाका होता तिथेच होता.

रुळांवरचा आशिया

तुम्ही दहिसरहून गुंदवलीपर्यंत हायवेवरच्या मेट्रोने आला असाल तर तुम्ही या गोष्टीत बसून प्रवास केला आहे. त्या मार्गासाठी आणि जोडीच्या आणखी मार्गांसाठी आशियाई विकास बँकेने २०१९ साली ९२ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज दिलं. ही बँक १९६६ पासून मनिलात आहे. तिचे सर्वांत मोठे भागधारक दोन, जपान आणि अमेरिका. अध्यक्ष आजपर्यंत दर वेळी जपानी.

आता पार्ले स्टेशनावर या. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत चार रूळ टाकण्याचं काम ज्या प्रकल्पात आहे, त्याला ५० कोटी डॉलर देण्याचा करार २०२०मध्ये झाला तो दुसऱ्याच बँकेशी. तिचं नाव एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक, मुक्काम बीजिंग, कामाला सुरुवात २०१६. चीन सर्वांत मोठा भागधारक आणि दुसरा भारत. अमेरिकेने हिच्यात यायचं नाकारलं, आणि मित्रदेशांनीही येऊ नये म्हणून प्रयत्न केले. तरी ब्रिटन आला, मग जर्मनी, फ्रान्स वगैरे. २०१८च्या जूनमध्ये या बँकेची वार्षिक बैठक आपल्या मुंबईतच भरली होती. हायवेवर एक बँक, रुळांवर दुसरी. आपण दोघींकडून घेतलं, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही.

सांगली-कोल्हापूरचं दूध

भारताने मात्र एका मोठ्या करारात जायचं शेवटच्या क्षणी टाळलं. त्याचं नाव आरसेप. आसियानचे दहा देश, आणि चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. सोळावा भारत. २०१२पासून बोलणी चालली होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने सांगितलं, आम्ही नाही. बाकी पंधरांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला.

का नाही? चीनचा स्वस्त माल, हे एक कारण. दुसरं दूध. न्यूझीलंडमध्ये जेवढं दूध निघतं त्यातलं जवळजवळ सगळं ते परदेशी विकतात. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात दोन म्हशी, एक गाय. सकाळी किटली घेऊन डेअरीवर जायचं आणि दहा दिवसांनी बिल घ्यायचं. भुकटी जहाजाने स्वस्तात येऊन पडली तर डेअरीचा दर पडणार, ही भीती खोटी नव्हती. मी स्वतः तेव्हा ‘जायला हवं होतं’ असं म्हणत होतो. मग गावी आतेभावाच्या गोठ्यात बसून त्याचा हिशेब ऐकला आणि माझा आवाज बराच खाली आला.

पण न जाण्याचीही किंमत असते, आणि इथे ते उगमाचे नियम आठवायचे. आरसेपमध्ये जपानचा सुटा भाग, चीनची बॅटरी आणि व्हिएतनामची जोडणी असेल तर ते सगळं मिळून ‘आपलंच’ धरता येतं आणि सवलत मिळते. त्यात पुण्याचा भाग घातला तर तो परका मोजला जातो. मग कारखानदार म्हणतो, पुण्याहून कशाला मागवू? कुणी मुद्दाम आपल्याला वगळत नाही. हिशेबच तसा मांडलेला आहे. जवळच्या शेजाऱ्यांचं म्हणाल तर सार्क देशांचा व्यापार करार २००६पासून कागदावर आहे, पण सार्कची शिखर परिषदच २०१४नंतर भरलेली नाही.

आपण एकेकट्या देशाशी करार करत निघालो आहोत. जपानशी २०११मध्ये झाला. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला १ मे २०२२ पासून लागू आहे, आणि त्यामुळे आपल्या सोन्याच्या दागिन्यांवरचं तिथलं ५ टक्के शुल्क गेलं. सीप्झमध्ये या बातमीला पेढे वाटले गेले असणार, असं मला वाटलं होतं. काकूंनी मान हलवली. “तितकं सोपं नाही हो.”

कारण काय, ते त्यांनी मला एका अंगठीच्या आतल्या बाजूचा ठसा दाखवून समजावलं. शुद्ध सोनं २४ कॅरेट. अमेरिकन माणूस बहुतेक करून १४ कॅरेटचा दागिना घेतो, पुष्कळदा १० कॅरेटचाही. १४ला २४ने भागा. शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. असं सोनं कडक असतं आणि बारीक हिरा घट्ट धरून ठेवतं. आपल्या आजीला आणि दुबईच्या बाजारालाही हवं असतं २२ कॅरेटचं, शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग. ते पिवळंधमक, पण मऊ. अमेरिकेसाठी ओतलेली अंगठी अमेरिकेने नको म्हटलं की झवेरी बाजारात नेऊन विकता येत नाही. एक तर फाटकावर आयात शुल्क, आणि वर कुणी विचारणारही नाही. साचे वेगळे, ओतायची रीत वेगळी, काकूंच्या हाताचा जोरसुद्धा वेगळा. मऊ सोन्यात हिऱ्याभोवतीची नखं वाकवताना जरा जास्त दाब पडला तर नख चेपतं. बावीस वर्षांची सवय बोटांतून काढायची.

परवा त्या नेहमीपेक्षा उशिरा आल्या. जिन्यात भेटल्या तेव्हा डोळे लाल झाले होते. नवा नमुना आलाय म्हणाल्या, १८ कॅरेटचा, पानाफुलांचा, मोठा. दिवसभरात चारच तुकडे झाले.

“कुठे जायचाय माल?” सातवीतल्या मुलीने मागून विचारलं. ती आता आठवीत गेली आहे.

“ते आम्हाला सांगत नाहीत गं,” काकू कुलूप काढत म्हणाल्या. “पण आतल्या डबीवर अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिली होती.”